तार वाकडी कुणी केली?

तार सरळ होती. वस्तीतली तीन माणसं जाऊन ती पाहून आली. लेझरनं मोजून आली. आणि परत येऊन तिघांनीही एकच सांगितलं, की तार सुतात सरळ आहे. मग पल्लवी आत्याला ती वाकडी कशी दिसली?

हा प्रश्न खरं तर कुणीतरी विचारायला हवा होता. पण विचारतो कोण! सगळ्यांकडे उत्तर आधीच तयार होतं. आत्या गाडी चालवताना पेंगली, तिनं गाडी खांबावर घातली आणि आता सबबी सांगतेय, असं भोजनगृहात जो तो म्हणत होता. जिनं दहा वर्षं सगळ्यांना पाणी आणून दिलं, तिच्याबद्दल! हे ऐकून केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती गेली यात तिचं काहीही चुकलं नाही.

ही गोष्ट चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या नवदरी नावाच्या वस्तीतली. वस्तीच्या खाली एक खोल विवर आहे. त्याच्या तळाशी सूर्याचा किरण कधीच पोचत नाही, म्हणून तिथे बर्फ टिकून आहे. पल्लवी आत्या तो बर्फ गाडीत भरून वर आणायची. अंधारात वाट कळावी म्हणून तळापासून वस्तीच्या दारापर्यंत खांबांवरून एक चमकती तार ताणलेली होती. तार डाव्या हाताला ठेवायची आणि तिच्या कडेकडेनं गाडी आणायची, बस्स. केतकीचे आईबाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला दुर्बीण उभारायला गेलेले असल्यामुळे ती आत्याजवळच राहत होती. आत्याच्या गाडीचा दिवा खिडकीतून दिसला, की ती वरणाला फोडणी टाकायला घ्यायची.

आणि आता ही गाडी बंद पडली होती. धडकेत गाडीवरची बर्फाची टाकी फुटल्यामुळे वस्तीला पाणी मोजून मिळत होतं, त्यामुळे लोक आणखीनच चिडले होते.

“पल्लवीताई, तुम्ही थकला आहात,” वस्तीप्रमुख साबळेकाका सभेत म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता, आणि केतकीला त्याचाच जास्त राग आला. “पुढच्या यानानं पृथ्वीवर जा. आराम करा. गाडीचं आम्ही बघू.”

“मी झोपली नोती, साबळेभाऊ,” आत्या म्हणाली. ती मूळची अकोल्याची आणि चंद्रावर येऊनही तिची बोली तिनं सोडली नव्हती. “तार मधातच वाकलेली दिसली मले. म्हनून मी गाडी वळवली.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. केतकी ताडकन उभी राहिली. आता, चंद्रावर ताडकन उभं राहिलं की पंचाईत होते. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतकं, त्यामुळे माणूस उठतो तो थेट हवेत जातो आणि मग सावकाश तरंगत खाली येतो. तेवढ्या वेळात रागाचा सगळा रुबाब जातो.

“आत्या खोटं बोलत नाही!” केतकी खाली येता येता ओरडली. पण तिचे पाय जमिनीला टेकेपर्यंत सभा उठली होती.

घरी आल्यावर तिनं आत्याला खिडकीशी उभं केलं. खिडकीतून तारेचं वरचं टोक दिसायचं.

“आता सांग. कशी दिसते?”

“दोन्ही डोळ्यांनी पाह्यली तं सरळच म्हनावं लागते. पन उजवा डोळा झाकला, का मधात पोट येते तिले.”

“आणि गाडीत?”

“गाडीत खिडकीची दांडी उजव्या डोळ्याच्या आड येते. तार डाव्यानंच पाहा लागते.”

केतकी दप्तराकडे धावली. मग तिनं गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद फाडला, मधोमध एक ठिपका काढला आणि आत्याच्या हातात पेन्सिल दिली. “उजवा डोळा झाक. ठिपक्याकडेच बघ. रेघा जिथं वाकड्या दिसतील, तिथं तशाच गिरव.”

आत्यानं गिरवल्या. ठिपक्याभोवतीच्या रेघा बाहेर फुगल्या होत्या. मग दुसरा डोळा झाकून दुसऱ्या कागदावर गिरवल्या, तर एकही रेघ जागची हलली नाही.

केतकीला एकदम उमगलं. कागदावरच्या रेघा तर छापलेल्या होत्या. त्या काही गाडीखाली सापडून वाकलेल्या नव्हत्या. म्हणजे विवरातली तार सरळच होती आणि आत्याही खरंच बोलत होती. वाकडेपणा आत्याच्या डाव्या डोळ्यात होता.

“केव्हापासून होतंय हे?”

“झाले असतील महिनेक.”

“आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“सांगतलं असतं तं गाडी काढून घेतली असती नं वं, माय.”

आता केतकी आत्यावरही चिडली. हातातले दोन्ही कागद आणि आत्याचं मनगट घट्ट धरून ती दवाखान्याकडे निघाली.

वस्तीच्या डॉक्टर रुक्साना मुजावर या मूळच्या कोल्हापूरजवळच्या. वय पासष्टच्या पुढं, म्हणून मुलं त्यांना डॉक्टरआजी म्हणत. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांच्या पेशींवर संशोधन केलं होतं आणि गेल्याच यानानं त्या नवदरीला आल्या होत्या. त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरले, आत्याला यंत्रासमोर बसवलं आणि बराच वेळ डाव्या डोळ्यात पाहिलं. मग त्या अशा काही भडकल्या, की केतकीला बरंच वाटलं.

“डोळा सुजलाय आतनं! आणि त्या सभेत कुणाला डॉक्टरला बोलवावंसं वाटलं नाही? पेंगली म्हणे! ये गं पोरी, बघ इकडं.”

पडद्यावर आत्याच्या डोळ्याचं आतलं चित्र होतं. उभा छेद घेतल्यासारखं. पातळ पातळ थर एकावर एक, आणि मधोमध एक फुगवटा.

“हे दृष्टिपटल (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पातळ पडदा),” डॉक्टरआजी म्हणाल्या. “बाहेरचं चित्र ह्याच्यावर उमटतं. ह्याच्या मागं आणखी एका थरात राखणदार पेशी असतात. त्या पडद्याला खाऊपिऊ घालतात, त्याचा कचरा काढतात आणि रक्तातलं नको ते पाणी आत येऊ देत नाहीत. आता तुझ्या आत्याच्या राखणदारांची फळी ढिली झालीय. पाणी आत झिरपलं आणि पडदा फुगला. कागद भिजला की त्याच्यावरची रेघ सरळ राहते का?”

“नाही. फुगून वाकडी होते.”

“तसंच झालंय हे.”

“पण फळी ढिली कुणी केली?” केतकीनं विचारलं. तिला आता नाव हवं होतं. ज्याच्यावर चिडायचं, असं एखादं नाव.

डॉक्टरआजींनी आत्याचं रक्त घेतलं. यंत्रानं आकडे दाखवले तेव्हा एका आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. “हे घे तुझं नाव. होमोसिस्टीन.”

“हे काय असतं?”

“अमिनो आम्ल आहे. प्रथिनं (ज्यांच्यापासून आपलं अंग घडतं ते पदार्थ) अमिनो आम्लांचे मणी ओवून तयार होतात. त्यातलाच एक मणी मेथिऑनिन. तो आपल्याला जेवणातनं मिळतो. शरीर त्याला कामाला जुंपतं, आणि काम झालं की त्याचं होतं होमोसिस्टीन. भोजनगृहातल्या खरकट्या ताटासारखं समज. ताट वाईट असतं का?”

“नाही. धुतलं की परत वापरता येतं.”

“बरोबर! होमोसिस्टीन धुतलं की परत मेथिऑनिन. पण धुणाराच आला नाही तर? ताटांचा ढीग साठतो. तसं हे रक्तात साठतं, आणि साठलं की पेशींना टोचायला लागतं. मग पेशी आरडाओरडा करतात. म्हणजे इशारा देणारे रेणू (पदार्थाचे अगदी बारीक कण) सोडतात. त्यालाच दाह म्हणायचं (शरीरानं धोका ओळखून केलेली धावपळ, जिच्यात सूज येते). बोटाला काटा लागला की बोट लाल होतं, ठणकतं, तोही दाहच. काटा निघाला की तो शमतो. पण हितं काटा निघतच नाही. राखणदार रोज ओरडतायत, ओरडून ओरडून दमतायत, आणि त्यात फळी ढिली पडते.”

“मग काढून टाका ना त्याला! अख्खं!” केतकी म्हणाली.

“तुझ्याही अंगात आहे ते ह्या घडीला. मेथिऑनिन वापरलं की होणारच. राग चुकीच्या दारात नेऊन ठेवू नकोस, पोरी.”

केतकीला हे मुळीच पटलं नाही. तेव्हा डॉक्टरआजींनी कपाटातून काचेच्या तीन तबकड्या काढल्या. त्यांत दृष्टिपटलामागच्या राखणदार पेशी वाढवलेल्या होत्या. त्यांनी प्रत्येकीत एक खास रंग सोडला. पेशींनी इशारा दिला, की हा रंग हिरवा चमके. मग पहिल्या तबकडीत त्यांनी काहीच घातलं नाही. दुसरीत होमोसिस्टीन घातलं. तिसरीत तेवढंच ग्लायसिन, म्हणजे दुसरं एक साधं अमिनो आम्ल.

“तिसरी कशाला?” केतकीनं विचारलं.

“कुठलंही अमिनो आम्ल ओतलं तरी पेशी ओरडतात का, ते बघायला. नाहीतर आपणही त्या सभेसारखं आधीच ठरवून मोकळं व्हायचं.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर केतकी धावत आली. पहिली तबकडी फिकी होती. तिसरीही फिकी होती. दुसरी हिरवीगार चमकत होती.

“म्हणजे हाच चोर!”

“थांब. तबकडी म्हणजे तुझी आत्या नव्हं. एका दिवसात दिसावं म्हणून मी ह्यात रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट घातलंय. शिवाय आत्याला मधुमेह आहे, साखरेनं डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच कमजोर झालेल्या असतात. होमोसिस्टीननं त्यात भर घातली, एवढंच मी म्हणेन. त्याचा दोष नेमका किती, ह्यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चाललेत. पण वाढलंय हे नक्की, आणि ते खाली आणणं आपल्या हातात आहे. आता खरा प्रश्न विचार बघू.”

केतकीनं डोकं खाजवलं. ताटं साठली, कारण धुणारा आला नाही. “धुणारा कोण असतो?”

“शाब्बास! मुख्य धुणारा जीवनसत्त्व बी-१२. त्याच्या जोडीला फोलेट, ते पालेभाजीतनं मिळतं. तुमच्या हरितगृहात पालक ढिगानं पिकतो, फोलेटला तोटा नाही. पण बी-१२ कुठलंच झाड बनवत नाही. ते फक्त काही सूक्ष्मजंतू बनवतात. पृथ्वीवर दूध, अंडी, मासे ह्यांतनं ते आपल्यापर्यंत पोचतं. हितं ना गाय, ना कोंबडी. म्हणून तर पृथ्वीवरनं सकाळची पूड येते. रोज चमचाभर घेता ना सगळे?”

केतकीचा चेहरा पडला. “ती तर बंद केलीय. तीन वर्षं झाली.”

“काय?” डॉक्टरआजी खुर्चीतून उठल्या आणि हातभर वर गेल्या.

झालं होतं ते असं. वस्तीला दहा वर्षं झाली तेव्हा साबळेकाकांनी एक व्रत घेतलं होतं. यापुढं नवदरी आपल्या हातचं पिकवून खाईल, पृथ्वीवरून आलेला घास खाणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सकाळची पूड औषधाच्या खोक्यातून आली असती, तर तिला कुणी हात लावला नसता. पण ती यायची पिठाच्या पेटीतून. म्हणून ती अन्नात मोजली गेली आणि पिठाबरोबर तिलाही कुलूप लागलं. दर यानानं येणाऱ्या पेट्या गोदामात तशाच रचून ठेवल्या जात, आणि पाहुणे आले की साबळेकाका त्या बंद पेट्या अभिमानानं दाखवत.

“कुलूप!” डॉक्टरआजी म्हणाल्या. “औषध घरात, आणि दाराला कुलूप! माझंही चुकलंच म्हणा, आल्या आल्या विचारायला हवं होतं. पूड घेत असतील असं धरून चालले मी.”

“पण मग आत्यालाच का झालं? आम्ही पण तेच खातो.”

“यकृतात बी-१२चा साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून तर कुणाला पत्ता लागला नाही. आत्याचा साठा आधीच कमी. तिच्या मधुमेहाच्या गोळीनंही हे जीवनसत्त्व अंगात कमी मुरतं. ती पहिली आहे एवढंच. बाकीचे रांगेत आहेत.”

पहिली! म्हणजे आत्याचा डोळा अख्ख्या वस्तीला सावध करत होता आणि वस्ती तिलाच यानात बसवून घालवून द्यायला निघाली होती. केतकीला इतका राग आला, की रडू आलं. आणि त्या रागात एक काटा तिचा स्वतःचाही होता. कारण भोजनगृहाच्या दारावर जी पाटी होती, ‘नवदरी आपल्या हातचं खाते. बाहेरचा घास नाही,’ ती सात वर्षांच्या केतकीनंच रंगवली होती. ती स्टुलावर उभी होती आणि स्टूल आत्यानं धरलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी डॉक्टरआजींनी सगळं सांगितलं. तबकड्या दाखवल्या, डोळ्याचं चित्र दाखवलं. लोक ऐकत होते. साबळेकाकांनी मात्र मान हलवली.

“डॉक्टर, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. पण एका माणसासाठी सगळ्यांचं व्रत मोडायचं का? पल्लवीताई पृथ्वीवर जातील, तिथं त्यांना सगळं मिळेल.”

“काका, आधी तुमचं रक्त तपासा,” केतकी म्हणाली. यावेळी ती बसूनच बोलली आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

“माझं? मी तर ठणठणीत आहे.”

“मग घाबरता कशाला?”

सगळ्यांसमोर नाही म्हणणं काकांना जमलं नाही. त्यांनी बोट पुढं केलं. डॉक्टरआजींनी बरोबर आणलेल्या यंत्रानं आकडा दाखवला. तो आत्याच्या आकड्याइतका नव्हता, पण पाहिजे त्यापेक्षा बराच वर होता. मग मागे हसला होता तो माणूस पुढं आला. त्याचाही वर. केतकीचाही वर.

“तरी पण...” साबळेकाका चाचरले. “बाहेरचा घास नाही, असं आपण ठरवलंय.”

आणि मग केतकीचा बांध फुटला. “ठरवलंय म्हणून काय झालं! आत्याचा डोळा गेला तरी चालेल, पण पाटी जायला नको? ती रोज अंधारात उतरून तुमच्यासाठी पाणी आणत होती, तेव्हा तुम्ही तिला कधी विचारलंत, तुला नीट दिसतं का म्हणून? झोपली म्हणालात! सबबी सांगते म्हणालात! पाटी मी रंगवलीय ना? मग मीच पुसते.”

ती उठली. हातभर वर गेली, पण आज कुणी हसलं नाही. दाराशी जाऊन तिनं ओल्या फडक्यानं पाटी खसाखसा घासायला घेतली. रंग पक्का होता, सहजासहजी निघेना. ती घासत राहिली. थोड्या वेळानं शेजारी दुसरं फडकं दिसलं. साबळेकाका होते.

“गोदामाची किल्ली डॉक्टरांना दिली,” ते हळूच म्हणाले.

“आणि आत्याला जे बोललात ते?”

काका फडकं ठेवून आत गेले आणि आत्यासमोर हात जोडून उभे राहिले. “ताई, चुकलं माझं. तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.”

“पाणी मोजून भेटलं तवा कळलं का, भाऊ?” आत्या म्हणाली. ती लगेच विरघळणाऱ्यातली नव्हती, आणि केतकीला ते फार आवडलं.

आत्याला बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. सूज उतरवायला डॉक्टरआजींनी डोळ्यात वेगळं औषध दिलं आणि साखरेवर करडी नजर ठेवली. सकाळी भोजनगृहाच्या दारात पुडीचा डबा आला. चमचाभर घेतल्याशिवाय आत शिरायला मिळेना. गाडी मात्र आत्याला लगेच मिळाली नाही. फुगलेला पडदा सावकाश उतरतो, आणि कधी कधी थोडा वाकडेपणा कायमचाही राहतो, हे डॉक्टरआजींनी लपवलं नाही. त्यामुळे केतकी रोज चौकटीचा कागद आत्यापुढं धरायची. एखाद्या दिवशी रेघ बरी दिसे, तर एखाद्या दिवशी परत फुगलेली.

दरम्यान डॉक्टरआजींनी एक शक्कल काढली. बी-१२ सूक्ष्मजंतू बनवतात ना? मग ते नवदरीतच का पाळू नयेत? हरितगृहाच्या कोपऱ्यात एक टाकी उभी राहिली. जंतूंना खाऊ घालायचं काम शाळेच्या मुलांनी मागून घेतलं. बी-१२चा रंग मुळातच लाल, आणि टाकीतून वेगळं काढलेलं पहिलं पाणी बाटलीत गुलाबी दिसलं, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या साबळेकाकांनी वाजवल्या. पुढंमागं ही टाकी चंद्रावरच्या सगळ्या वस्त्यांना पुरेल असं ते आता पाहुण्यांना सांगतात. पण तोवर पृथ्वीवरून येणाऱ्या पेट्या उघडायच्या, हे ते न विसरता पुढं जोडतात.

केतकीनं नवी पाटी रंगवली. ‘नवदरी आपल्या हातचं खाते. कुणाला काही दुखत असेल तर आधी विचारते.’ ती स्टुलावर चढली, पाटी खिळ्याला अडकवली आणि मागे वळून पाहिलं. आत्या दूर उभी होती. उजव्या डोळ्यावर तिनं हात ठेवला होता आणि डाव्यानं ती पाहत होती.

“कशी दिसते?” केतकीनं विचारलं.

“वाकडी हाये,” आत्या म्हणाली.

इतके दिवस कागद, इतकी इंजेक्शनं, आणि अजून वाकडी! केतकीला परत तोच राग यायला लागला, पण यावेळी तो कुणावर काढायचा ते तिला कळेना.

“कुठं? मधेच फुगलीय का?”

“फुगली नाही वं. उजवीकडून खाली गेली. नीट लाव.”

केतकी एकदम थांबली. वाकडी दिसली तर आधी मोजायचं, एवढं ती शिकली होती. तिनं खिशातून पाणसळ (आडवी रेघ सपाट आहे का ते दाखवणारी पाण्याची नळी) काढली आणि पाटीवर ठेवली. नळीतला बुडबुडा डावीकडे सरकला.

पाटी खरंच वाकडी होती. उजवीकडून बोटभर खाली.

“आत्या!” केतकी स्टुलावरून ओरडली, आणि मग तिनं एवढी मोठी उडी मारली, की खाली यायला तिला बराच वेळ लागला. आत्या खाली हात पसरून तिची वाट बघत उभी होती.